जुनी देणी आणि अमेरिकेतला सिक्युरिटी क्लिअरन्स: कशाला किती खर्च येतो, आणि तो कधी करावा

व्हर्जिनिया, मेरीलँड, अलाबामातलं हंट्सव्हिल किंवा सॅन डिएगो या भागांत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये आता संरक्षण खात्याशी जोडलेल्या नोकऱ्या नवलाच्या राहिलेल्या नाहीत. अमेरिकेत जन्मलेली मुलं इंजिनिअर होऊन संरक्षण कंत्राटदारांकडे लागतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आलेले आणि आता नागरिक झालेले आयटीवालेही तिकडे वळतात. नोकरीच्या पत्रात मग एक अट असते: ही नोकरी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी, मिळण्यावर अवलंबून आहे. ती वाचली की मधल्या बेकारीत थकलेलं क्रेडिट कार्ड, वसुली एजन्सीकडे गेलेलं हॉस्पिटलचं बिल, न भरलेलं एखाद्या वर्षाचं कर विवरणपत्र असं सगळं आठवू लागतं, आणि झोप उडते.

पुष्कळ लोक इथेच माघार घेतात आणि 'आपल्याला काही मिळायचा नाही' म्हणून चांगली नोकरी सोडून देतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण जुन्या कर्जाने क्लिअरन्स आपोआप जात नाही. किती डॉलर थकले की नाकारायचं, याचा आकडा नियमांत कुठेही नाही. क्रेडिट स्कोअर अमुक असलाच पाहिजे, असंही नाही. पाहिलं जातं ते कर्ज कशामुळे झालं, त्यानंतर तुम्ही काय केलं आणि केव्हा केलं. यातल्या 'केव्हा'ला मोठी किंमत आहे. एकच हजार डॉलर अर्जाआधी भरले तर त्यांना एक वजन असतं, नोटीस आल्यावर भरले तर अगदी वेगळं. म्हणून या लेखात खर्चाच्या आकड्यांबरोबर वेळेचाही हिशेब दिला आहे.

ज्याला पैसे पडत नाहीत

क्लिअरन्सचा अर्ज स्वतःहून करता येत नाही. सरकारी खात्याने किंवा सरकारी काम करणाऱ्या कंपनीने तुम्हाला पुढे करावं लागतं. तपासणीचा खर्च सरकार करतं आणि उमेदवाराला एक डॉलरही भरावा लागत नाही. 'आधीच क्लिअरन्स काढून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो सरळ फसवणूक करतो आहे. क्लिअरन्स अमेरिकी नागरिकांनाच मिळतो. परकीयांना अपवाद म्हणून मर्यादित प्रवेश दिला जातो, पण तो फार क्वचित. एच-वन किंवा ग्रीन कार्डावर असलेल्यांनी नागरिकत्व मिळेपर्यंत या वाटेचा विचार करू नये. मात्र पुढे जायचं असेल, तर खालचा कर आणि खात्यांचा भाग त्यांनी आजच वाचावा.

अर्जाचं नाव एसएफ-८६. संरक्षण खात्यासह बहुतेक खात्यांसाठी तपासणी डीसीएसए ही संस्था करते. अर्जातला विभाग २६ पैशांचा. दिवाळखोरी, न भरलेले कर, वसुलीला गेलेली खाती, बँकेने 'चार्ज-ऑफ' केलेली म्हणजे बुडीत धरलेली कर्जं, जप्त झालेली गाडी, पगारजप्ती, भाडं थकल्यामुळे सोडावं लागलेलं घर, १२० दिवसांहून जास्त थकलेले हप्ते, असे प्रश्न त्यात एकामागून एक येतात. बहुतेक प्रश्न मागच्या ७ वर्षांपुरते आहेत. जुगारामुळे आलेल्या आर्थिक अडचणींना मात्र कालमर्यादा नाही, तिथे 'कधीही' असाच प्रश्न आहे. एका वाक्याकडे आपल्या लोकांचं हमखास दुर्लक्ष होतं: ज्या कर्जाला तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार आहात, तेही लिहायचं आहे.

एवढी चौकशी कशासाठी

क्लिअरन्स नाकारण्याच्या कारणांत पैशाचं कारण कायम आघाडीवर असतं आणि त्यामागे इतिहास आहे. नौदलातल्या जॉन वॉकरचा दक्षिण कॅरोलायनातला बार तोट्यात गेला होता. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो सोव्हिएत वकिलातीत गेला आणि संकेतलिपीची गुपितं विकू लागला. १९८५ मध्ये पकडला जाईपर्यंत ते चालूच होतं. त्याच १९८५ मध्ये सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स घटस्फोट आणि कर्जाने घेरलेला असताना सोव्हिएतांकडे गेला आणि पहिल्या फेरीत त्याने ५०,००० डॉलर घेतले. पुढे त्याने ५,४०,००० डॉलरचं घर रोखीने घेतलं, तरी १९९४ पर्यंत तो पकडला गेला नाही. १९९५ मध्ये क्लिअरन्सच्या पात्रतेचा जो अध्यक्षीय आदेश निघाला, त्याला या प्रकरणाची पार्श्वभूमी होती.

आजचे निकष जून २०१७ पासून लागू आहेत. त्यांत एकूण १३ मार्गदर्शक सूत्रं आहेत आणि पैशाचं सूत्र 'एफ' या अक्षराने ओळखलं जातं. त्यातली चिंता दुहेरी आहे. गरजू माणसाला विकत घेता येतं, ही एक. दुसरी, आणि रोजच्या प्रकरणांत जास्त दिसणारी, अशी की जो स्वतःची देणी आणि करासारखे साधे नियम पाळत नाही, तो गोपनीय कागदांचे नियम तरी पाळेल का?

याच सूत्रात सुटकेच्या वाटाही लिहिलेल्या आहेत आणि उमेदवाराने त्या नीट समजून घ्याव्यात. घटना जुनी आहे आणि पुन्हा घडण्याचा संभव नाही, ही पहिली वाट. नोकरी जाणं, धंद्यातली मंदी, अचानक आलेलं आजारपण, मृत्यू, घटस्फोट, ओळखचोरी, पिळवणूक करणारं कर्ज अशा हाताबाहेरच्या कारणांमुळे अडचण आली, ही दुसरी. पण या दुसऱ्या वाटेला जोडशर्त आहे: त्या अडचणीत तुम्ही जबाबदारीने वागलात, हे दिसलं पाहिजे. 'नोकरी गेली होती' एवढं सांगून भागत नाही. नोकरी गेल्यावर बँकेला फोन केला होता का, हप्ता कमी करून मागितला होता का, नोकरी परत लागल्यावर किती महिन्यांत भरायला सुरुवात केली, हे विचारलं जातं. याशिवाय मान्यताप्राप्त संस्थेचा सल्ला घेऊन परिस्थिती आटोक्यात आणणं, प्रामाणिकपणे फेडायला सुरुवात करून ती चालू ठेवणं, कर्जच खोटं असेल तर पुराव्यासह आव्हान देणं आणि कर खात्याशी हप्ते ठरवून ते पाळणं, याही वाटा आहेत.

सगळी देणी फिटलेली असावीत, अशी अपेक्षा नसते. व्यवहार्य योजना असावी आणि तिच्यावर पावलं पडलेली दिसावीत, असं क्लिअरन्सच्या प्रकरणांत अपिलं ऐकणाऱ्या संरक्षण खात्याच्या मंडळाने अनेकदा म्हटलं आहे. एकाच वेळी सगळ्यांना पैसे द्यावे लागत नाहीत. एकेक खातं मिटवत गेलात तरी चालतं.

पहिला महिना, आणि तो जवळजवळ फुकट

इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांचे क्रेडिट अहवाल 'ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट' या अधिकृत संकेतस्थळावर दर आठवड्याला फुकट मिळतात. तिन्ही मागवा, कारण तिघांत सारखंच असेल याची खात्री नसते. चुकीची नोंद दिसली तर हरकत घेणं फुकट आहे आणि संस्थेला साधारण ३० दिवसांत तपास करावा लागतो. वसुली एजन्सीचं पहिलं पत्र आलं असेल, तर ३० दिवसांच्या आत 'कर्जाचा पुरावा द्या' असं लेखी मागा. कर खात्याकडून मागच्या वर्षांचा कर-उताराही फुकट मिळतो, तोही काढून ठेवा. क्रेडिट अहवाल गोठवलेला असेल तर तपासणीपुरता तो उघडा ठेवावा लागतो. गोठवणं आणि उघडणं दोन्ही फुकट आहे, पण विसरलात तर तपासणी अडकते.

यानंतर प्रत्येक देण्याची वेगळी फाइल करा. मूळ कर्ज कोणाचं, आता कोणाकडे आहे, रक्कम किती, तुम्ही काय पत्रव्यवहार केला, पैसे खात्यातून गेल्याचा बँकेचा उतारा आणि शेवटी 'बाकी शून्य' असं सांगणारं पत्र, हे सगळं तिच्यात हवं. तोंडी सांगण्याला इथे जवळजवळ किंमत नाही. फोनवर ठरलेल्या गोष्टीचं त्याच दिवशी ईमेल करून ठेवावं, एवढी सवय लागली तरी पुष्कळ झालं.

क्रेडिट कार्डं आणि वसुलीची खाती

समजा, १२,००० डॉलरचं कार्डाचं कर्ज आहे आणि व्याज २४ टक्के. पाच वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे ३४५ डॉलर, म्हणजे एकूण २०,७०० च्या घरात. ना-नफा कर्जसल्ला संस्था बँकांशी बोलून व्याज उतरवतात आणि एकच हप्ता ठरवून देतात. समजा, व्याज ८ टक्क्यांवर आलं, तर हप्ता सुमारे २४३ डॉलर आणि एकूण १४,६००. संस्थेची फी महिना ४० डॉलर धरली तर पाच वर्षांची २,४०० होते, तरी एकूण १७,००० वर थांबतं. पैसे वाचतात ते वेगळेच. शिवाय सूत्रात 'ना-नफा संस्थेचा सल्ला' असे शब्दच आहेत, त्यामुळे या फीची पावती तुमच्या बाजूचा पुरावा होते. पहिली सल्लाभेट बहुतेक ठिकाणी फुकट असते.

ज्यांचं खातं आधीच बुडीत धरलं गेलं आहे, त्यांच्यापुढे तडजोडीचा पर्याय येतो. १०,००० चं देणं ५,००० वर मिटलं असं धरू. माफ झालेले ५,००० हे कर खात्याच्या दृष्टीने उत्पन्न असतं. ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त माफ झाले की धनको १०९९-सी हा फॉर्म पाठवतो. २२ टक्क्यांच्या पायरीवर केंद्रीय कर १,१०० होतो आणि खरा खर्च ६,१०० वर जातो. माफीच्या वेळी तुमची देणी मालमत्तेपेक्षा जास्त होती हे दाखवता आलं, तर हा कर टळू शकतो, त्यासाठी फॉर्म ९८२ भरतात. तो १०९९-सी विवरणपत्रात न दाखवणारे बरेच भेटतात. कर्जाचा प्रश्न सोडवताना ते कराचा नवा प्रश्न उभा करतात, आणि क्लिअरन्ससाठी तो जास्त वाईट.

जाहिराती करणाऱ्या तडजोड-कंपन्यांपासून मात्र लांब राहा, हे मी अगदी स्पष्ट सांगते. वरच्याच १०,००० च्या देण्यावर २० टक्के फी धरली तर २,००० डॉलर त्यांना जातात आणि ६,१०० चे ८,१०० होतात. फोनवरून ग्राहक मिळवणाऱ्या अशा कंपन्यांना काम होण्याआधी फी घ्यायला २०१० पासून मनाई आहे, आधीच मागत असतील तर तिथेच थांबा. पण पैशापेक्षा मोठा धोका त्यांच्या पद्धतीत आहे. धनकोला नमवण्यासाठी त्या चालू हप्तेही बंद करायला सांगतात. कालपर्यंत वेळेवर असलेली खाती चार महिन्यांत १२० दिवसांच्या रेषेपलीकडे जातात आणि ती थकबाकी तुम्ही स्वतः निवडलेली असते. वसुली एजन्सीला स्वतः पत्र लिहून तडजोड करता येते. त्याला टपालखर्च आणि थोडी चिकाटी लागते, एवढंच.

जुन्या कर्जांबद्दल एक गैरसमज फार घट्ट आहे. सात वर्षांनी नोंद क्रेडिट अहवालातून निघून जाते, आणि राज्याच्या मुदतीच्या कायद्यानुसार काही वर्षांनी धनको कोर्टात जाऊ शकत नाही. दोन्ही खरं. पण क्लिअरन्सच्या निकालांत वारंवार म्हटलं आहे की, मुदत संपण्याची वाट पाहणं म्हणजे प्रामाणिक फेड नव्हे. देणं अहवालात दिसत नाही, म्हणून मिटलं असं धरत नाहीत. अशा कर्जाच्या धनकोला लिहावं. कंपनीच बंद झाली असेल तर शोध घेतल्याचे कागद ठेवावेत. एक सावधगिरी मात्र हवी: बऱ्याच राज्यांत थोडी रक्कम भरली तरी मुदत नव्याने सुरू होते, म्हणून पूर्ण मिटवण्याची तयारी असेल तेव्हाच पैसे पाठवा.

कर: इथे सवलत सर्वांत कमी

कर्ज थकलं तर परिस्थिती सांगता येते. विवरणपत्रच भरलं नाही, तर सांगण्यासारखं फार उरत नाही. पैसे नसले तरी कागद भरता येतो. समजा, ४,००० डॉलर कर द्यायचा आहे आणि विवरणपत्र पाच महिने भरलंच नाही. महिना ५ टक्क्यांप्रमाणे दंड १,००० डॉलर. तेच विवरणपत्र वेळेवर भरलं आणि पैसे पाच महिने थकले, तर महिना अर्ध्या टक्क्याने दंड १०० डॉलर. व्याज दोन्हीकडे वेगळं. ९०० डॉलरचा हा फरक फक्त कागद वेळेवर न पाठवल्याचा आहे.

कर खात्याशी हप्ते ठरवणं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. १८० दिवसांत फेडणार असाल तर नोंदणी फी नाही. त्याहून लांबच्या हप्त्यांसाठी जुलै २०२४ पासूनच्या दरांनुसार ऑनलाइन अर्ज करून खात्यातून थेट वजावट दिली तर २२ डॉलर, वजावट न देता ६९. तेच काम फोनवर किंवा टपालाने केलं तर १०७ आणि १७८. ५०,००० डॉलरपर्यंतची देणी असलेल्यांना ऑनलाइनच काम होतं. रक्कम कमी करून मागणारा अर्जही असतो, त्याची फी २०५ डॉलर, पण तो मंजूर होण्याच्या अटी कडक आहेत. बावीस डॉलर भरून केलेला करार आणि सलग बारा महिन्यांच्या वजावटीचे उतारे क्लिअरन्सच्या सुनावणीत फार उपयोगी पडतात. एवढ्या कमी पैशात मिळणारा दुसरा पुरावा मला माहीत नाही.

विद्यार्थी कर्जाचंही असंच. केंद्रीय कर्ज २७० दिवस थकलं की ते बुडीत धरलं जातं, पण दहा सलग महिन्यांत नऊ हप्ते वेळेवर भरले तर पूर्वपदावर आणता येतं. हप्ता उत्पन्नावर ठरतो आणि अर्जाला फी नाही. यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांची गरज नसते.

दिवाळखोरी

आपल्या समाजात या शब्दाचीच लाज वाटते आणि त्या लाजेपायी लोक दहा-दहा वर्षं हातउसने घेत राहतात. कायद्याने दिलेली ही वाट आहे आणि तिच्यामुळे क्लिअरन्स आपोआप जात नाही. चॅप्टर ७ ची कोर्टाची फी ३३८ डॉलर, चॅप्टर १३ ची ३१३. आधी सल्ल्याचा आणि नंतर अर्थशिक्षणाचा, असे दोन छोटे अभ्यासक्रम सक्तीचे असतात. त्यांचा खर्च वेगळा, पण फार नाही. वकिलाची फी कोर्टाच्या फीच्या कितीतरी पट असते. फार कमी उत्पन्न असेल तर चॅप्टर ७ ची फी माफही होते. चॅप्टर १३ मध्ये तीन ते पाच वर्षं हप्ते भरायचे असतात, आणि ते भरल्याची नोंद हीच प्रामाणिक फेडीची साक्ष ठरते. आजारपण किंवा घटस्फोटानंतर एकदा काढलेली दिवाळखोरी आणि त्यानंतरची नीट वर्षं समजून घेतली जातात. दुसऱ्यांदा काढलेली दिवाळखोरी, किंवा पहिलीनंतर पुन्हा फुगलेली कार्डं असतील, तर मात्र उत्तर द्यायला जड जातं.

गावाकडचे धागे

हा भाग इंग्रजी मार्गदर्शनांत सापडत नाही, आणि आपल्या लोकांची अडचण बहुधा इथेच होते.

जामीनकी आधी घेऊ. अमेरिकेला येण्यापूर्वी मावसभावाच्या ट्रॅक्टरच्या किंवा दुकानाच्या कर्जाला सही केलेली असते. कर्ज पतसंस्थेचं असतं आणि भाऊ थकतो. संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते आणि नोटीस सांगलीच्या जुन्या पत्त्यावर जाते. मेरीलँडमध्ये बसलेल्या जामीनदाराला पत्ताच नसतो. अमेरिकेच्या क्रेडिट अहवालात हे दिसणार नाही, पण अर्ज जामीनदाराचीही देणी विचारतो आणि देशाची मर्यादा घालत नाही. म्हणून घरी फोन करून एकदा स्पष्ट विचारा: माझ्या सहीचं कुठलं कर्ज चालू आहे? भारतातल्या चारही पतमाहिती कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात, तेही मागवा. शिक्षणकर्ज तडजोडीने मिटवलं असेल तर भारतातल्या अहवालात 'सेटल्ड' असं दिसतं. बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि तो फाइलमध्ये लावा.

दुसरा धागा बँक खात्यांचा. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त आहे, अमेरिकेत नाही. अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना ते विवरणपत्रात दाखवावंच लागतं. सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एका दिवसापुरतीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचा वेगळा अहवाल द्यावा लागतो. तो ऑनलाइन भरायला फी नाही. मुदत १५ एप्रिल, आणि ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. वडिलांच्या खात्यावर सोयीसाठी दुसरं नाव तुमचं असेल, तर तेही खातं मोजायचं. 'पैसे तर बाबांचे आहेत' हे खरं असलं तरी खातं कळवावं लागतं.

वर्षानुवर्षं हे राहून गेलं असेल आणि ते जाणूनबुजून नसेल, तर कर खात्याची सुलभ योजना आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तीन वर्षांची सुधारित विवरणपत्रं आणि सहा वर्षांचे एफबार भरायचे. राहिलेला कर आणि व्याजाशिवाय त्या परदेशी ठेवींच्या वर्षअखेरीच्या सर्वोच्च एकूण रकमेवर ५ टक्के दंड असतो. ६०,००० डॉलर असतील तर ३,०००. जाणकार करसल्लागाराची फी वरून. आकडा मोठा वाटेल, पण कर खात्याने आधी तपास सुरू केला तर ही योजना बंद होते. एसएफ-८६ वर परदेशी खाती आणि मालमत्ता लिहावी लागते, म्हणजे पुण्याचा फ्लॅट आणि ठेवी तपासनीसासमोर येणारच. त्या ठेवी कर विवरणपत्रात नसल्या तर प्रश्न उभा राहतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कर नीट करा, मग नोकरीचा अर्ज.

आईवडिलांना पैसे पाठवता, हेही अर्जात सांगायचं असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि तो दोषही नाही. उलट, घरून मदत आली तरी कागद ठेवा. कर्ज फेडायला कोल्हापूरची जमीन विकून वडिलांनी पैसे पाठवले असतील, तर खरेदीखताची प्रत आणि बँकेतून पैसे आल्याची नोंद हवी. अचानक आलेला पैसा समजावून सांगता आला नाही, तर या सूत्रात तोही एक दोषच मानला जातो.

अर्ज भरताना

सगळं लिहा. या लेखातला कोणताही खर्च लपवण्याच्या किमतीपुढे किरकोळ आहे. अर्जावर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा केंद्रीय गुन्हा आहे. खटला झाला नाही तरी पैशाच्या सूत्राबरोबर वैयक्तिक वर्तनाचं सूत्र लागू होतं. मग तीन हजार डॉलरचं जुनं कर्ज बाजूला पडतं आणि तुम्ही विश्वासार्ह आहात का, हाच प्रश्न उरतो. विसरलेलं काही नंतर आठवलं, तर तपासनीसाच्या मुलाखतीत त्याने विचारण्याआधी सांगा. प्रत्येक देण्याखाली टिपणासाठी जागा असते. तिथे कारण, तारीख आणि आजची स्थिती दोन-तीन ओळींत लिहा. निबंध नको.

अंतरिम क्लिअरन्स मात्र आर्थिक प्रश्न असले तर पुष्कळदा मिळत नाही आणि त्याविरुद्ध अपील नसतं. कंपनी अंतिम निकालापर्यंत थांबणार का, हे नोकरी स्वीकारतानाच विचारा आणि तोपर्यंतच्या महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. अनेकांना खरा फटका इथेच बसतो.

नोटीस आली तर

संरक्षण कंत्राटदारांकडच्या उमेदवारांना आक्षेपांचं लेखी पत्र येतं, त्याला 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' म्हणतात. २० दिवसांत प्रत्येक आक्षेपाला 'मान्य' किंवा 'अमान्य' असं उत्तर द्यायचं आणि सुनावणी हवी की कागदांवरच निकाल हवा, ते कळवायचं. सुनावणी घ्या, असा माझा सल्ला आहे. तिला फी नाही. न्यायाधीश तुम्हाला समोर पाहतो आणि कागदातून न दिसणारं त्याला विचारता येतं. वकील सक्तीचा नाही. केला तर खर्च हजारो डॉलरांत जातो. एक-दोन मिटलेली खाती असतील तर नीट लावलेली फाइल घेऊन स्वतः उभं राहता येतं. कराचा प्रश्न किंवा खोटं लिहिल्याचा आरोप असेल, तर वकिलावर खर्च करा.

नोटीस आल्यानंतर भरलेल्या पैशांना वजन कमी मिळतं, कारण क्लिअरन्स धोक्यात आल्यावरच जाग आली, असं दिसतं. तरी भरणं थांबवू नका. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाची सूचना १५ दिवसांत द्यावी लागते आणि अपिलात नवा पुरावा घेत नाहीत. जे दाखवायचं, ते सुनावणीतच. सामान्य कोर्टाकडून फार आशा ठेवू नये. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही आणि शंका राहिली तर निर्णय राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने द्यावा, हे १९८८ च्या 'नौदल खातं विरुद्ध ईगन' निकालाने पक्कं केलं आहे. सैनिक आणि सरकारी कर्मचाऱ्यांची प्रक्रिया थोडी वेगळी असते. सैनिकांना 'मिलिटरी वनसोर्स'कडून आर्थिक सल्ला फुकट मिळतो, आणि भरती होण्याआधीच्या कर्जांचं व्याज सेवाकाळात ६ टक्क्यांवर रोखून घेता येतं. त्यासाठी लेखी मागणी करावी लागते.

क्लिअरन्स मिळाल्यावरही नोंदी सतत तपासल्या जातात. पूर्वीसारखी पाच-दहा वर्षांनी फेरतपासणी राहिलेली नाही. दिवाळखोरी किंवा १२० दिवसांवर गेलेली थकबाकी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला स्वतः कळवायची असते. टॉप सिक्रेट असेल तर पगारजप्ती आणि वारसा, बक्षीस असा १०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त अचानक आलेला पैसाही कळवायचा. नोकरी जाण्याची चिन्हं दिसू लागली की हप्ता चुकण्याच्या आधीच बँकेला फोन करा आणि त्याची नोंद ठेवा.

कंत्राटदाराकडच्या उमेदवाराला नकार मिळाला, तर एका वर्षानंतर पुन्हा अर्ज करता येतो. तेव्हाही पुढे करणारी कंपनी लागते. मधल्या वर्षात नकाराच्या निकालपत्रातला एकेक परिच्छेद समोर ठेवून त्यातलं प्रत्येक खातं मिटवा किंवा हप्त्यांवर आणा. संरक्षण खात्याचे असे निकाल उमेदवारांची नावं वगळून संकेतस्थळावर ठेवले जातात आणि ते वाचायला पैसे लागत नाहीत. तुमच्यासारखं प्रकरण शोधा आणि न्यायाधीशाने कोणते कागद मागितले, कशाने त्याचं समाधान झालं, ते बघून आपली फाइल लावा.